सहा तासांचा पाहुणा

बचत गटाच्या मीटिंगला अक्का सलग दोन वेळा आल्या नाहीत, तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती. गट सुरू झाल्यापासून अक्कांची हजेरी चुकलेली मला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, त्या महिन्यातसुद्धा दंडाला फडकं बांधून त्या आल्या होत्या. "अहो अक्का, कुणाकडे तरी पाठवायचे पैसे," असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "हप्ता काय दुसऱ्याच्या हातानं भरू व्हय?" (त्यांचं नाव इथे सांगत नाही. सारी वस्ती त्यांना अक्का म्हणते, आपणही अक्काच म्हणू.)

शेवटी एका दुपारी मीच त्यांच्या घरी गेले. अंगणात सून बाळाची दुपटी वाळत घालत होती. "आत्ती तिकडं हायत," असं म्हणत तिनं गोठ्याला लागून असलेल्या खोलीकडे बोट केलं. खोलीच्या दारात एक ताट पालथं घातलेलं, शेजारी वेगळा तांब्या, वेगळी वाटी. आत बाजेवर अक्का भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकणार, तोच त्या घाईघाईनं उठून बसल्या.

"ताई, लांबच बसा. माझ्या अंगात किरणं हायती."

क्षणभर मला काही कळेचना. आणि मग कळलं तेव्हा अक्षरशः पोटात गोळा आला. कारण अक्कांना तीन आठवड्यांपूर्वी शहरात 'बोन स्कॅन'ला घेऊन गेले होते ती मीच. आणि ही बाई तेव्हापासून एकटी, वेगळ्या ताटात जेवत, चार महिन्यांच्या नातवाला दुरून बघत गोठ्याशेजारी पडून होती, त्यालाही मीच कारण होते.

झालं होतं ते असं. अक्कांच्या उजव्या बाजूच्या बरगड्या दुखायला लागल्या होत्या. कॅन्सर होऊन गेलेल्या बाईचं हाड दुखतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी हाडांचा स्कॅन करून घ्यायला सांगितलं. मुलाला कामावरून सुट्टी मिळेना, सून ओली बाळंतीण, म्हणून मी सोबत गेले. पहाटेच्या एस.टी.नं निघालो. केंद्रात गेल्यावर एका जाड, जड आवरणातल्या सिरिंजनं अक्कांच्या हातात इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, आता तीन तास थांबा, भरपूर पाणी प्या, सारखं लघवीला जाऊन या. त्यानंतर अर्धा-पाऊण तास त्यांना एका अरुंद पलंगावर निजवलं आणि वरून-खालून एक चपटं यंत्र हळूहळू फिरलं. झालं. निघताना हातात एक छापील कागद दिला. सगळा इंग्रजीत. त्यात एक ओळ होती, की लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांपासून अमुक तास लांब राहावं. तासांचा आकडा लिहायची जागा मात्र कोरीच होती.

मी बी. ए. झालेली बाई. कागद वाचता आला, कोरी जागाही दिसली. पण एस.टी. गाठायची घाई होती. अक्कांनी विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हटलं, "लहान मुलांपासून जरा लांब राहा म्हणतायत." "किती दिस?" मी सहज बोलून गेले, "थोडे दिवस."

माझ्या त्या 'थोडे दिवस'चे एकवीस दिवस झाले होते.

त्यात भर म्हणजे मधल्या काळात मुलगा रिपोर्ट घेऊन आला होता. इंग्रजीत होता म्हणून त्यानं तो गावातल्या कुणा शिकलेल्याला दाखवला. 'बरगड्यांवर तीन ठिकाणी डाग आलेत' एवढाच अर्थ घरात पोचला. मग सगळ्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं, की आजार हाडात गेला. डॉक्टरांची पुढची तारीख महिन्यानंतरची होती आणि अक्का म्हणत होत्या, "आता कशाला जायाचं? उगं पैशाचा चुराडा."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच एस.टी.त बसले आणि पुन्हा त्या केंद्रात गेले. रागानंच गेले होते. तिथे रेडिएशनच्या सुरक्षेचं काम बघणारी एक तरुण मुलगी होती, माझ्या लेकीएवढी. मी तिच्यासमोर तो कोऱ्या जागेचा कागद ठेवला आणि सगळी हकिकत सांगितली. ती आधी गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, चूक आमची आहे. ही जागा भरून, तोंडानंही सांगायला हवं होतं. पण तुम्ही बसा, मी तुम्हाला नीट सांगते. तुम्ही घरी जाऊन सांगाल ते आमच्या कागदापेक्षा जास्त पोचेल."

मैत्रिणींनो, शास्त्राशी माझा संबंध दहावीलाच सुटला. पण त्या मुलीनं तासाभरात जे समजावलं आणि नंतर मी वाचून जे जाणून घेतलं, ते मला इतकं आपल्या घरातलं वाटलं, की तुम्हालाही सांगावंसं वाटतंय.

अक्कांना जे दिलं होतं त्याचं नाव टेक्नेशियम. पूर्ण नाव 'टेक्नेशियम-९९एम'. त्यातून गॅमा किरण बाहेर पडतात, क्ष-किरणांच्याच जातीचे. हे टेक्नेशियम एका फॉस्फेटच्या औषधाला जोडून शिरेतून देतात. हाडात जिथे नवी बांधणी किंवा डागडुजी चालू असते, तिथे हे औषध जास्त जाऊन बसतं. उरलेलं लघवीवाटे निघून जातं, म्हणून ते पाणी पाजणं. मग ते चपटं यंत्र, म्हणजे गॅमा कॅमेरा, शरीरातून येणारे किरण टिपतो आणि हाडांचं चित्र तयार होतं.

"म्हणजे यंत्र अंगावर किरण सोडत नाही?" मी विचारलं.

"नाही काकू. एक्स-रेमध्ये यंत्र किरण सोडतं. इथे पेशंटच्या अंगातून किरण येतात, यंत्र नुसतं बघतं. देवघरात समई लावली की आपण अंधारातही मूर्ती बघतो ना, तसं."

मला सगळ्यात जास्त गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. हे टेक्नेशियम साठवून ठेवता येत नाही. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं. म्हणजे आत्ता जेवढं आहे, त्यातलं सहा तासांनी निम्मंच उरतं, आणखी सहा तासांनी त्याच्या निम्मं. मग एवढं अल्पायुषी औषध हॉस्पिटलात पोचणार कसं? तर ते टेक्नेशियम पाठवतच नाहीत. त्याची आई पाठवतात! तिचं नाव मॉलिब्डेनम-९९. तिचं अर्धायुष्य ६६ तासांचं, म्हणजे पावणेतीन दिवसांचं. ती स्वतः विरत जाते आणि विरताना तिच्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. शिशाच्या जाड कवचात एक छोटी नळी, तिच्यात ॲल्युमिनाच्या भुकटीला हे मॉलिब्डेनम धरून ठेवलेलं. सकाळी तिच्यातून मिठाचं पाणी सोडायचं, सलाईनच. मॉलिब्डेनम जागच्या जागी राहतं आणि तयार झालेलं टेक्नेशियम तेवढं पाण्याबरोबर उतरून येतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पुन्हा पुरेसं साठतं. पुन्हा काढायचं. आठवडाभर असं चालतं, मग मॉलिब्डेनमच थकत जातं आणि नवं मागवावं लागतं.

या यंत्राला शास्त्रीय भाषेत 'जनरेटर' म्हणतात. पण या क्षेत्रातले लोक जगभर त्याला 'काऊ' म्हणतात, गाय! आणि रोज सकाळी औषध काढून घेण्याला म्हणतात 'मिल्किंग', म्हणजे धार काढणं. हे ऐकून मी हसलेच. आपल्याकडे विज्ञान म्हटलं की आधी अंगावर काटा येतो, आणि तिकडे मोठमोठे शास्त्रज्ञ रोज सकाळी धार काढतायत!

आपल्याकडे अणुऊर्जा विभागाची 'ब्रिट' नावाची संस्था आहे, नवी मुंबईत वाशीला. अशा किरणोत्सारी औषधांचा आणि जनरेटरचा पुरवठा तिथून होतो. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ सालापासून हेच काम करतं आहे. म्हणजे ही काही काल-परवा परदेशातून आलेली नवलाई नव्हे. आपल्यापैकी अनेकींच्या जन्माआधीपासून हे आपल्या राज्यात चालू आहे. आपल्या घरात त्याची चर्चा तेवढी होत नाही.

या टेक्नेशियमची जन्मकथाही ऐकण्यासारखी आहे. रसायनशास्त्राच्या तक्त्यात ४३ नंबरची जागा कित्येक वर्षं रिकामी होती. तिथे काहीतरी असणार हे ठाऊक होतं, पण ते कुणाला सापडेना. १९२५ साली जर्मनीत इडा टाके, तिचा पुढे नवरा झालेला वॉल्टर नोडॅक आणि ऑटो बर्ग या तिघांनी ४३ आणि ७५ नंबरची मूलद्रव्यं सापडल्याचं जाहीर केलं. ७५ नंबरचं, म्हणजे ऱ्हेनियम, खरं निघालं. ४३ नंबरचं मात्र दुसऱ्या कुणाला पुन्हा दाखवता आलं नाही. ही इडा मोठी हुशार बाई. अणूचं केंद्रक फुटून त्याचे मोठे तुकडे होत असतील, असं तिनं १९३४ सालीच लिहून ठेवलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. चार-पाच वर्षांनी तेच खरं ठरलं, आणि त्या शोधाचं नोबेल दुसऱ्याला मिळालं. लग्नानंतर बरीच वर्षं तिनं बिनपगारी संशोधन केलं, पद नवऱ्याकडे. वाचताना मला आपल्या शेतात राबणाऱ्या बायका आठवल्या. राबायचं दोघांनी, सातबाऱ्यावर नाव एकाचं.

४३ नंबर शेवटी सापडला तो १९३७ साली, इटलीतल्या पालेर्मो शहरात. आणि तोही भंगारात! अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉन यंत्रातली मॉलिब्डेनमची एक वापरून झालेली पट्टी अर्नेस्ट लॉरेन्सनं इटलीला एमिलिओ सेग्रे या शास्त्रज्ञाकडे टपालानं पाठवली. सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी त्या पट्टीत हे नवं मूलद्रव्य शोधून काढलं. माणसाच्या हातून प्रथमच तयार झालेलं मूलद्रव्य, म्हणून १९४७ साली त्याचं नाव ठेवलं टेक्नेशियम. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'कृत्रिम'. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, सेग्रे बर्कलेला गेलेला असताना इटलीत ज्यूंच्या विरोधात कायदे झाले आणि त्याची नोकरी गेली. तो तिथेच राहिला, आणि तिथेच त्यानं ग्लेन सीबॉर्गच्या सोबतीनं सहा तासांचं आयुष्य असलेलं हे टेक्नेशियम-९९एम शोधलं. घरदार तुटलेल्या माणसाच्या हातून निघालेली ही गोष्ट आज दरवर्षी जगभरात तीन कोटींच्या पुढे तपासण्यांना उपयोगी पडते. थायरॉईड, हृदय, मूत्रपिंड, हाडं, कितीतरी ठिकाणी.

धार काढायची ती 'गाय' १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत तयार झाली. तिचा माणसांसाठी पहिल्यांदा वापर झाला तो १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, शिकागोला. पॉल हार्पर या डॉक्टरांबरोबर त्या कामात कॅथरीन लॅथ्रॉप नावाची संशोधक होती. ही बाई महायुद्धाच्या काळात अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम करून आलेली. ज्या विद्येनं लाखभर माणसं मेली, त्याच विद्येतून तिनं माणसं वाचवायचं काम पुढे आयुष्यभर केलं. अशा बायकांची नावं आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसतात, असं मला राहून राहून वाटतं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. दुधासारखंच हे औषध नाशवंत आहे. मॉलिब्डेनम तयार होतं ते जगातल्या मोजक्याच अणुभट्ट्यांत. मे २००९ मध्ये कॅनडातली एक जुनी भट्टी बिघाडामुळे बंद पडली, ती ऑगस्ट २०१० मध्ये सुरू झाली. मधल्या काळात हॉलंडमधलीही भट्टी दुरुस्तीसाठी बंद होती. तेव्हा जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली आणि कित्येक पेशंटांच्या तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून आपल्याला स्कॅनची वेळ दिली असेल, तर ती पाळायला हवी. आपण न सांगता गैरहजर राहिलो, तर आपल्या नावानं काढलेलं औषध संध्याकाळपर्यंत वाया जातं. दुसरी कुणी अक्का तेवढ्या वेळात तिथे बसू शकली असती.

आता मुख्य प्रश्न. मी त्या मुलीला विचारलं, "एकवीस दिवसांनी अक्कांच्या अंगात किती उरलं असेल?"

तिनं कागदावर आकडे मांडले. सहा तासांनी निम्मं. चोवीस तासांनी सोळावा हिस्सा. दोन दिवसांनी दोनशेछप्पन्नावा. तीन दिवसांनी चार हजारावा हिस्साही नाही. शिवाय लघवीतून जातं ते वेगळंच. "आणि मुळात दिलेलं टेक्नेशियम किती, माहितीये? एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले तीन-चार भाग. एकवीस दिवसांनी, काकू, हिशेबानं एक अणूसुद्धा उरत नाही."

मी जरा चिवटच आहे. "मग ते विरून जातं म्हणजे त्याचं होतं काय?" तिनं तेही लपवलं नाही. ते साध्या टेक्नेशियम-९९ मध्ये बदलतं. त्याचं आयुष्य लाखो वर्षांचं, पण म्हणूनच त्यातून किरण इतके सावकाश, इतके थोडे बाहेर पडतात, की एका केळ्यातल्या पोटॅशियममधून नैसर्गिकरीत्या जेवढा किरणोत्सार होतो, त्याहूनही ते कमी भरतात. त्यातलंही बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

"आणि स्कॅनचा त्रास म्हणाल," ती म्हणाली, "तर अंगाला लागतं ते साधारण चार मिलिसिव्हर्ट. माती, हवा, आकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी दोन-अडीच मिलिसिव्हर्ट तसंही मिळतंच. विनाकारण करू नये, पण गरज असताना घाबरूही नये. बाळाला त्या दिवसापुरतं मांडीवर फार वेळ घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं नेहमीसारखं. आणि ताट-वाटी वेगळी कशाला? हा काही लागट रोग नाही."

परत येताना एस.टी.त मी तो कागद दहादा वाचला. हे घरी कसं सांगायचं? 'एक षोडशांश' म्हटलं तर कोण ऐकणार!

संध्याकाळी अक्कांच्या घरी गेले. सगळ्यांना ओट्यावर बसवलं, अक्कांनाही बाहेर बोलावलं. त्या लांब, पायरीवर बसल्या. मी सुनेला म्हटलं, "सुपात शेंगा आण." चौसष्ट शेंगा मोजल्या. म्हटलं, "हे अक्कांना दिलेलं औषध. सकाळी दहाला दिलं." दुपारी चार वाजले, निम्म्या शेंगा बाजूला काढा. मुलानं बत्तीस काढल्या. रात्री दहा, पुन्हा निम्म्या. सोळा उरल्या. पहाटे चार, आठ. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा, चार. "आता आणखी एक दिवस?" मुलगा सुपाकडे बघत राहिला. "एका शेंगंचा चवथा हिस्सा," तो हळू आवाजात म्हणाला. "आणि आता एकवीस दिवस झालेत," मी म्हटलं.

कुणी काही बोललं नाही. मग मी गाईची गोष्ट सांगितली, रोज सकाळच्या धारेची. अक्कांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "म्हंजे त्यांची बी गाय हाय म्हणा की!"

सून उठली. ती वाईट नाही हो. ती भ्यालेली होती. पहिलटकरीण, चार महिन्यांचं बाळ, आणि 'किरणं' हा शब्द. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तिनं आत जाऊन बाळ आणलं आणि काही न बोलता अक्कांच्या मांडीवर ठेवलं. अक्कांनी दोन्ही हात आधी पदराला पुसले, मग त्याला धरलं. मी शेंगा गोळा करायच्या निमित्तानं खाली मान घातली.

मग मी अक्कांकडून त्या रिपोर्टची फाईल मागून घेतली आणि तारखेची वाट न बघता त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी चित्र उजेडावर धरलं. उजव्या बाजूच्या लागोपाठच्या तीन बरगड्यांवर, एकाखाली एक, सरळ ओळीत तीन ठिपके.

"मावशी, मध्यंतरी कुठे पडला होता का?"

अक्का गप्प. मी त्यांच्याकडे बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी गोठ्यात पाय घसरला. गव्हाणीच्या कडंवर आपटले."

"सांगितलं नाही कुणाला?"

"सून अवघडलेली हुती. त्यात माझं कुटं सांगत बसू?"

डॉक्टरांनी समजावलं, की हे औषध कॅन्सर दाखवत नाही, ते हाडाची डागडुजी चालू असलेली जागा दाखवतं. कॅन्सर असेल तिथे दिसतं, तसंच मोडून जुळत असलेल्या हाडात दिसतं आणि झिजलेल्या गुडघ्यातही दिसतं. असे ओळीत आलेले ठिपके बहुतेक वेळा मार लागल्याचे असतात. तरीही त्यांनी नुसत्या अंदाजावर सोडलं नाही, त्या भागाचं सी.टी. स्कॅन करून घेतलं. तीन बरगड्या मोडून जुळत आल्या होत्या. बाकी काही नव्हतं. कॅन्सरनंतरच्या काही गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, म्हणून त्याचीही तपासणी आणि औषधं सुरू झाली.

बाहेर आल्यावर बाकावर बसून अक्का रडल्या. मला वाटलं आनंदानं. त्या म्हणाल्या, "तवाच सांगितलं असतं तर ह्ये समदं झालंच नसतं, न्हाई का?"

मी काय बोलणार? त्यांनी पडल्याचं सांगितलं नाही आणि मी आकडा विचारला नाही. आपण बायका दोन्ही करतो. आपलं दुखणं घरात सांगत नाही, कारण नेहमी दुसऱ्या कुणाचं तरी महत्त्वाचं काही चालू असतं. आणि दवाखान्यात प्रश्न विचारत नाही, कारण साहेब घाईत असतात, आपण अडाणी दिसू असं वाटतं. शिकलेल्या बायकाही याला अपवाद नाहीत, हे मी माझ्यावरून सांगते.

म्हणून आता आमच्या गटातली कुणीही अशा तपासणीला निघाली, की आम्ही तिच्या पिशवीत एक चिठ्ठी ठेवतो. कोणतं औषध देणार? त्याचं अर्धायुष्य किती? बाळापासून, गरोदर बाईपासून किती तास लांब राहायचं? अंगावर पाजणाऱ्या आईनं काय करायचं? पोटात बाळ असण्याची शक्यता असेल, तर ते आधीच सांगायचं. मागे कधी पडलो, मार लागला, तर तेही सांगायचं. आणि रिपोर्टचा अर्थ डॉक्टरांशिवाय कुणाकडून लावून घ्यायचा नाही.

हे तास विचारणं का गरजेचं, तर सगळी औषधं सारखी नसतात. पेट स्कॅनला वापरतात त्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य दोन तासांहूनही कमी. उलट थायरॉईडच्या कॅन्सरच्या उपचाराला देतात त्या आयोडीन-१३१ चं आठ दिवसांचं. तिथे खरोखरच काही दिवस वेगळं राहावं लागतं, आणि ते काटेकोरपणे पाळायलाच हवं. एकीला सांगितलेलं दुसरीला लागू होत नाही. म्हणून आपल्यापुरतं आपण विचारायचं, आणि कागदावर आकडा लिहून घ्यायचा.

त्या केंद्रातल्या मुलीचा परवा फोन आला होता. त्यांनी तो कागद आता मराठीत छापून घेतलाय. तासांची जागा भरल्याशिवाय पेशंटला सोडायचं नाही, असा नियमही केलाय म्हणे.

मागच्या मीटिंगला अक्का आल्या, काखेत नातू घेऊनच. हप्ता भरला, सही केली. मग गटातल्या एका नव्या बाईला माझ्यादेखत सांगत होत्या, "अगं, भ्यायचं न्हाई. सहा तासांचा पावना असतोय त्यो. येतो, बघतो आन् जातो. पर किती वाजता जाणार, ते इचारून घ्यायचं."